गळतीच्या रकान्यात

मंदाकिनी ओव्हाळ यांनी दुसऱ्या कार्यशाळेची तयारी दिवाळी उरकल्यावर सुरू केली. साल दोन हजार आठ. पहिल्या दिवशी त्या रविवार पेठेत जाऊन बटणं घेऊन आल्या. शर्टाला लावतात तसली, निळी, पिवळी, हिरवी आणि पांढरी. ऑफिसात आल्यावर त्यांनी ती टेबलावर ओतली, रंगांप्रमाणे वेगळी केली, डब्यांत भरली आणि डब्यांवर रंगांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. मग कागदांचे गठ्ठे स्टेपल करायला घेतले. मी समोरच्याच टेबलावर बसायचे. एक पिन त्यांच्या बोटात गेलेली मी पाहिली. त्यांनी ती नखानं उपसून टाकली आणि पुढचा कागद ओढला. थोड्या वेळानं गठ्ठ्यावरचा लाल डाग बघून मला विचारलं, "रुमाना, हे कुणाचं गं?"

"तुमचंच आहे, बाई."

"हो का," म्हणाल्या आणि बोटाला रुमाल गुंडाळून तो कागद बदलला.

आमची संस्था पाण्याचा अभ्यास करायची. कर्वे रस्त्याच्या एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर तीन खोल्या. एखाद्या भागात पाणी कुठून येतं, कोण किती घेतं, कुठे जातं, याचं मॉडेल आम्ही संगणकावर तयार करायचो. पण ते एकट्यानं बसून नाही. त्या भागातले सगळे जण एका सतरंजीभोवती बसवायचे, मध्ये मोठा नकाशा पसरायचा, आणि ज्याचं त्यानं आपलं पाणी नकाशावर मांडायचं. एक बटण म्हणजे हजार लिटर. सोसायटीवाल्यांची हिरवी, विहीरवाल्यांची पिवळी, सरकारी नळाची पांढरी, वस्तीची निळी. बटणं मांडून झाली की मी ते आकडे संगणकात भरायचे आणि भिंतीवर चित्र दाखवायचे. पाण्यावरून वर्षानुवर्षं एकमेकांची तोंडं न पाहणारी माणसं त्या चित्राकडे बघून वाद घालायची, मग बटणं सरकवायची. बटणं सरकली की चित्र बदलायचं. एवढंच ते काम.

ही माणसं जमवणं आणि बसवणं ओव्हाळबाईंकडे होतं. त्यांचे वडील खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात कामगार होते. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेले. त्यांनी हट्टानं मुलीला संख्याशास्त्र शिकवलं. पुढे बाई प्रोग्रॅमिंग शिकल्या, हडपसरच्या बाजूला एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत लागल्या, दोन हजार सालची तारीख संगणकांना नीट कळावी म्हणून दोन वर्षं अमेरिकेतल्या विमा कंपन्यांचे प्रोग्रॅम तपासत बसल्या. ते काम संपलं तशी कंपनीनं आख्खा विभागच बंद केला. त्या आमच्या संस्थेत आल्या त्या संगणकावर बसायलाच. पण एकदा एका बैठकीत दोन शेतकरी हातघाईवर आले आणि बाईंनी त्यांना एकच प्रश्न विचारून खाली बसवलं, तेव्हापासून संगणक माझ्याकडे आला आणि माणसं त्यांच्याकडे गेली.

तो प्रश्न अगदी साधा होता. "काल तुमच्याकडे पाणी किती वाजता आलं?" पाणी किती लागतं, असं त्या कधीच विचारायच्या नाहीत. लागण्याबद्दल विचारलं की माणूस भाषण करतो, काल काय झालं विचारलं की आठवतो, असं त्यांचं म्हणणं. कार्यशाळेआधी महिनाभर त्या प्रत्येकाकडे जाऊन यायच्या. चहा घ्यायच्या. पाण्याला कोण काय म्हणतं ते वहीत उतरवायच्या. सोसायटीवाले 'प्रेशर' म्हणत, पाणीपुरवठा खात्याचे इंजिनिअर 'पुरवठा', विहीरवाले 'झरा', वस्तीतल्या बायका 'नंबर'. नकाशावर त्या चारही शब्द लिहायच्या, कुणाचाच खोडायच्या नाहीत.

त्या वर्षीच्या जानेवारीत हडपसरच्या पलीकडे पिंपळओढा म्हणून एक गाव आहे, तिथे आम्ही पहिली कार्यशाळा घेतली. जुनं गाव, त्याला लागून नव्या सोसायट्या, आणि हमरस्त्याला चिकटून खाणवस्ती. पूर्वी खाणीवर कामाला आलेल्या लोकांची साठ घरं. वस्तीला नळ नव्हता. पाणी कुठून भरता, म्हटल्यावर बायका हसायच्या आणि विषय बदलायच्या. बाई चार वेळा गेल्या. चौथ्या वेळी कांताबाई नावाच्या म्हाताऱ्या बाईनं त्यांचा हात धरला आणि ओढ्यालगत नेलं. मोठ्या जलवाहिनीचा एक जोड तिथे उघडा पडलेला होता. त्यावर रबर गुंडाळून वस्तीनं एक तोटी बसवली होती. पाणी सोडायची चावी फिरवायला येणाऱ्या माणसाला ते ठाऊक होतं, पण तो तिकडे बघायचा नाही. गेली अकरा वर्षं साठ घरं त्या तोटीवर पाणी भरत होती.

"नकाशावर मांडू का हे?" कांताबाईंनी विचारलं होतं.

"मांडा," बाई म्हणाल्या. "खरं आहे ते मांडायचं."

कार्यशाळेत मॉडेल जुळत नव्हतं. वरून येणारं पाणी आणि खाली वापरलं जाणारं पाणी यांत मोठी तफावत पडत होती. सगळे एकमेकांकडे संशयानं बघत होते. तेवढ्यात कांताबाई उठल्या आणि त्यांनी ओढ्याजवळ निळी बटणं मांडली. मी आकडे भरले. मॉडेल जुळलं. लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या. कांताबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या.

आता मी काय केलं ते सांगते. आमच्या मॉडेलमध्ये तीन रकाने होते. मंजूर नळजोड, विहिरी, आणि गळती. कांताबाईंची तोटी मंजूर नव्हती. विहीर तर नव्हतीच. मी ते पाणी गळतीच्या रकान्यात टाकलं. टाकताना मला काहीही वाटलं नाही, रकाना होता म्हणून टाकलं. बाईंनी अहवाल वाचला, त्यांना चालला, त्यांनी खाली सही केली. नकाशावर ओढ्याजवळ लाल गोल आणि शेजारी 'गळती' एवढंच छापलं गेलं. मार्चमध्ये अहवाल खात्याकडे गेला. एप्रिलच्या शेवटी माणसं आली, जोड उघडला, नवीन बसवला, वर सिमेंट ओतून गेली.

त्यानंतर वस्तीतल्या बायका हमरस्ता ओलांडून पलीकडच्या रोपवाटिकेतून कॅन भरून आणू लागल्या. मे महिन्याच्या एका सकाळी कांताबाईंची सून द्वारका दोन्ही हातांत कॅन घेऊन परत येत होती. डंपरनं तिला उडवलं. ती वाचली. डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. तेव्हा ती चोवीस वर्षांची होती.

बाई दवाखान्यात एकदाच गेल्या. मी बरोबर होते. त्या पलंगाच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या. द्वारका झोपेत होती. कांताबाई भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या, त्यांनी वर पाहिलं, ओळखलं, आणि परत खाली बघायला लागल्या. पाचेक मिनिटांनी आम्ही बाहेर पडलो. जिना उतरताना बाई म्हणाल्या, "उद्या वारज्याच्या मीटिंगचे कागद काढून ठेव हं." मला वाटलं, आता स्वारगेटला बसमध्ये बसल्यावर रडतील. रडल्या नाहीत. खिडकीतून बाहेर बघत बसल्या.

त्या रडल्या नाहीत, रजा घेतली नाही, कुणावर चिडल्या नाहीत. रोज साडेनवाला यायच्या, सहाला जायच्या. कुणी विनोद केला तर हसायच्या, पण सगळ्यांचं हसून झाल्यावर. त्यांचे यजमान टेलिफोन खात्यात होते, मला एकदा भेटले तेव्हा म्हणाले, "घरीही तसंच आहे. भाजीत मीठ नसलं तरी जेवते, दुप्पट असलं तरी जेवते. विचारलं तर म्हणते, मला काही झालेलं नाही." मी बाईंशी त्या रकान्याबद्दल बोलायचा प्रयत्न केला. "टाकलं मी होतं," म्हटलं. "सही माझी आहे," एवढंच म्हणाल्या, जणू चपला कुणाच्या आहेत ते सांगताहेत.

ऑक्टोबरात आमच्या संचालक पूर्वा केतकर यांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. पूर्वाताई परदेशात शिकून आलेल्या, वयानं बाईंपेक्षा लहान. मनानं वाईट नव्हत्या. त्यांना बोलताना त्रास होत होता.

"मंदाताई, प्रकल्पाचा दुसरा टप्पा आहे. पिंपळओढ्यातच घ्यायला लागेल. तुम्हाला नको असेल तर मी दुसऱ्या कुणाला सांगते."

"करते की," बाई म्हणाल्या.

"नक्की?"

"तारीख कळवा."

आणि मग ती बटणं आली.

तयारीच्या भेटी बाईंनी पूर्वीच्याच क्रमानं सुरू केल्या. आधी तात्याराव बेलसरे यांच्याकडे गेल्या. तात्याराव पूर्वी फुलशेती करायचे. आता विहिरीचं पाणी टँकरनं सोसायट्यांना विकत होते. आम्ही गेलो तेव्हा ते ओट्यावर बसून पेरू कापत होते. आमच्यापुढे फोडी ठेवल्या.

"बाई, लोकं म्हनत्यात, तुमच्या नकाशानं त्या पोरीचा पाय गेला," ते म्हणाले. "म्या न्हाई म्हनत."

"बरोबर म्हणतात लोक," बाई म्हणाल्या आणि वही उघडली. "काल तुमचा पहिला टँकर किती वाजता निघाला?"

तात्याराव त्यांच्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी वेळ सांगितली. उठताना मात्र स्वतःहून म्हणाले, "तोटी बंद झाल्यापास्नं वस्तीत दिवसाआड माझाच टँकर जातोय. गिऱ्हाईक वाढलं म्हना की. पन बरं वाटत न्हाई हो."

बाईंनी तेही लिहून घेतलं.

खात्याचे इंजिनिअर बद्रीनाथ जंगम आम्हाला कचेरीत भेटले. फायलींच्या मागे बसलेला, पन्नाशीचा, थकलेला माणूस. आम्ही काय विचारणार हे त्यांनी आधीच ठरवून ठेवलं होतं.

"अहो, तुम्हीच लिहिलंत गळती आहे. गळती दिसली की बंद करायची, माझं कामच ते आहे. साठ घरं तिथे पाणी भरतात, हे त्या अहवालात कुठे होतं? दाखवा मला." त्यांनी अहवाल काढून आमच्यापुढे सरकवला. "चाळीस पानं आहेत. मी सगळी वाचलीत. कुणी वाचत नाही, मी वाचतो."

बाईंनी अहवाल उघडला नाही. "नव्हतं त्यात," म्हणाल्या.

"मग?"

"काही नाही. वीस डिसेंबरला शनिवार आहे. दहा वाजता याल का?"

जंगमसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "येतो," म्हणाले. मग अगदी हळू विचारलं, "ती मुलगी कशी आहे?"

"उद्या जाणार आहे तिच्याकडे. कळवते."

मला त्या क्षणी बाईंचा राग आला होता. त्या कचेरीत, त्या माणसाच्या तोंडावर काहीतरी फेकावं, नाहीतर निदान आवाज चढवावा, असं वाटत होतं. माझ्या मनातला राग खरं तर माझ्यावरच होता, हे कळायला मला काही वर्षं लागली.

दुसऱ्या दिवशी आम्ही खाणवस्तीत गेलो. द्वारका उंबऱ्यात पोत्यावर बसून लसूण सोलत होती. हॉटेलांसाठी सोललेला लसूण लागतो, ते काम वस्तीतल्या बायका घरी आणतात. कुबड्या दाराला टेकवलेल्या होत्या. कांताबाई आत होत्या. आम्हाला बघून त्यांनी सवयीनं विचारलं, "च्या टाकू का, बाई?"

"नको टाकूस," द्वारका मान वर न करता म्हणाली. "तेवढं पाणी नाही घरात."

बाई तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. नेहमी त्या आधी इकडचं तिकडचं बोलायच्या, मुलांच्या शाळा, गावची जत्रा. त्या दिवशी एकदम म्हणाल्या, "जानेवारीत तुझ्या सासूबाईंनी नकाशावर बटणं मांडली. आम्ही ती कागदावर गळती म्हणून लिहिली. तो कागद खात्यात गेला आणि त्यांनी तोटी बंद केली. कागदावर सही माझी आहे. हे तुला कुणी सांगितलं असेल किंवा नसेल, म्हणून सांगतेय."

द्वारकाचे हात थांबले. "गळती म्हणजे वाया जातं ते ना?"

"हो."

"आम्ही पीत होतो ते वाया जात होतं?"

मी म्हणाले, "ते मी लिहिलं होतं. दुसरा रकाना नव्हता." मलाच ते ऐकवेना.

द्वारकानं माझ्याकडे नीट पाहिलं. तिनं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तिनं लसणाची एक पाकळी सोलून टोपलीत टाकली, मग दुसरी. "आता परत कशाला आलात?"

"परत बसायचं आहे. वीस तारखेला. सगळे येणार आहेत."

"आणि आम्ही येऊन काय मिळेल?"

"मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. "काही मिळणार नाही असंच धरून चाल."

आतून कांताबाई म्हणाल्या, "नको गं बाई आता ते. जे झालं ते पुरे." पहिल्या वेळी टाळ्या त्यांना मिळाल्या होत्या, आणि वस्तीत आता त्यांच्याशी निम्मी घरं बोलत नव्हती, हे आम्हाला शेजारणीनं नंतर सांगितलं.

द्वारका मात्र विचार करत होती. "मी येईन," ती म्हणाली. "पण आमची बटणं माझ्या हातात राहतील. मांडायची का, ते मी ठरवणार. आणि उठताना माझी मी उचलणार."

"चालेल."

"आणि कागदावर काय लिहिलं ते तिथंच, सगळ्यांच्या समोर मोठ्यानं वाचायचं. आम्ही हो म्हटल्याशिवाय कागद खोलीच्या बाहेर जायचा नाही."

"चालेल," बाई पुन्हा म्हणाल्या. वहीत त्यांनी दोन ओळी लिहिल्या आणि द्वारकाला वाचून दाखवल्या. तिनं मान हलवली.

ऑफिसात पूर्वाताईंना ते पटलं नाही. "मंदाताई, कुणीही केव्हाही आपला आकडा काढून घेणार असेल तर मॉडेल पूर्ण कसं होईल?"

"होणार नाही."

"मग त्याला मॉडेल कसं म्हणायचं?"

"मागचं पूर्ण होतं," बाई म्हणाल्या.

बाईंनी ते टोचून म्हटलं नव्हतं. बसचा नंबर सांगावा तसं म्हटलं होतं. पूर्वाताईंनी पुन्हा हरकत घेतली नाही. पुढच्या दोन आठवड्यांत बाईंनी प्रत्येक डब्यावर एकेका माणसाचं नाव घातलं. आता बटणं रंगाची राहिली नाहीत, माणसांची झाली. मला त्यांनी संगणकात एक मोकळा रकाना करायला सांगितलं. "नाव काय देऊ?" म्हटलं. "मोकळंच ठेव," म्हणाल्या. खुर्च्या सगळ्यांना सारख्या मागवल्या, कारण द्वारकाला खाली बसता येणार नव्हतं, आणि एकटीच खुर्चीवर बसली तर सगळे तिच्याकडे बघत राहिले असते. नकाशा टेबलावर आला. टेबल किती उंच हवं ते बाईंनी कुबडी धरून उभं राहून पाहिलं. कुबडी आणली कुठून, मी विचारलं नाही.

वीस तारखेला गावातल्या समाजमंदिरात सगळे आले. तात्याराव, जंगमसाहेब, वस्तीतल्या पाच बायका, सोसायटीचे राकेश सक्सेना. राकेश हडपसरच्या एका आयटी कंपनीत मॅनेजर होते, स्वतःचा लॅपटॉप घेऊन आले होते. द्वारका रिक्षातून उतरली आणि कुणाची मदत न घेता आत आली. कांताबाई आल्या नाहीत.

बाईंनी आधी नियम वाचून दाखवले. मग त्यांनी जुना अहवाल हातात घेतला आणि त्यातलं एक वाक्य मोठ्यानं वाचलं. "ओढ्यालगत जलवाहिनीच्या जोडावर मोठी गळती आढळते." कागद खाली ठेवला. "हे चूक होतं. मी लिहिलं होतं. आता सुरू करू." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता.

बटणं मांडायला सुरुवात झाली. हिरवी, पिवळी, पांढरी. द्वारकानं आपला डबा मांडीवर ठेवला होता, झाकण लावून. मी आकडे भरले आणि भिंतीवर चित्र आलं. वरून येणारं पाणी, खाली वापरलं जाणारं पाणी. दोन्ही पट्ट्या जवळजवळ सारख्या.

राकेश खुर्चीतून पुढे झुकले. "अरे, अब तो बॅलन्स हो गया! बघा ना, पाणी पुरतंय सगळ्यांना. शॉर्टेज नाहीच आहे."

ते खुशीत बोलले होते. वाईट हेतू नव्हता. पण ते बोलले आणि त्यांनाच कळलं की आपण वस्तीतल्या पाच बायकांच्या समोर बसून बोललो. सगळे त्या चित्राकडे बघत होते. चित्रात वस्ती नव्हती, म्हणून पाणी पुरत होतं.

तात्यारावांनी घसा खाकरला. "कुनाला पुरतंय, सायेब? माझा टँकर दिवसाआड तिथं जातोय, त्यो काय मी रस्त्यावर वततो?" त्यांनी आपल्या डब्यातली दोन पिवळी बटणं उचलली आणि वस्तीच्या जागेवर ठेवली. मी आकडे बदलले. दोन्ही पट्ट्या आता सारख्या राहिल्या नाहीत.

पूर्वीच्या कार्यशाळेत बाई अशा वेळी पटकन काहीतरी विचारायच्या. या वेळी हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. ते त्यांनी ठरवून केलं होतं की त्यांना काही सुचतच नव्हतं, मला सांगता येणार नाही.

शेवटी जंगमसाहेबच द्वारकाकडे वळले. "ताई, वस्तीत माणसं किती आहेत?"

"तीनशे अकरा. परवा मोजली."

"लिहून घ्या की," ते मला म्हणाले.

"कुठल्या रकान्यात लिहू?" मी विचारलं. पडद्यावर तो मोकळा रकाना दिसत होता.

द्वारका म्हणाली, "वर लिहा, पिणारी माणसं."

मी लिहिलं. तिनं डब्याचं झाकण काढलं, निळी बटणं एकेक करून मोजली आणि टेबलाच्या कडेला, नकाशाच्या बाहेर मांडली. "एवढं लागतं. हे लिहा. पूर्वी कुठून भरत होतो, आता कुठून भरतो, ते लिहायचं नाही. किती ते लिहा, कुठून ते नाही."

राकेश काहीतरी म्हणणार होते, जागेशिवाय आकडा व्हॅलिड कसा, असं काहीसं. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. ते थांबले.

चार वाजता मी कागद मोठ्यानं वाचला. एका ठिकाणी द्वारकानं थांबवलं. 'अनधिकृत वस्ती' असा शब्द माझ्या हातून गेला होता. "अनधिकृत काढा," ती म्हणाली. जंगमसाहेबांनी मान डोलावली. मी काढलं. मग तिनं बटणं डब्यात भरली, डबा पिशवीत टाकला आणि निघाली. जाताना बाईंशी बोलली नाही.

त्या अहवालाचं काय झालं, ते नक्की सांगता येत नाही. जंगमसाहेबांनी त्यावर टिपण लिहून तो वर पाठवला, एवढं मला माहीत आहे. ते पुढच्याच वर्षी निवृत्त झाले. चौदा महिन्यांनी वस्तीच्या तोंडाशी तीन तोट्यांचा मंजूर नळ आला. त्यावर एका पुढाऱ्याच्या नावाची पाटी होती. निवडणूक जवळ आली होती म्हणून आला, असं तात्याराव म्हणाले. तसंही असेल.

नळ आला म्हणून ओव्हाळबाईंचं काही बदललं असं झालं नाही. त्यांनी पुढे दहा वर्षं कार्यशाळा घेतल्या, वारज्यात, फुरसुंगीत, नदीकाठच्या गावांत. प्रत्येक ठिकाणी द्वारकाच्या त्या दोन अटी आधी वाचल्या जायच्या. संस्थेत नव्यानं आलेली मुलं त्यांना बाईंचे नियम म्हणायची. बाई दर वेळी दुरुस्त करायच्या, "पिंपळओढ्याच्या द्वारका शेलार यांचे." एकदा जेवणाच्या सुट्टीत मी धीर करून विचारलं, "बाई, ते गेलं का? म्हणजे तेव्हा तुम्हाला काहीच वाटेनासं झालं होतं ते?"

त्यांनी डबा बंद केला. "थोडं थोडं येतं परत," म्हणाल्या. "मागच्या महिन्यात मुलगा उशिरा आला म्हणून ओरडले मी त्याच्यावर. बरं वाटलं. मग परत गेलं." आणि हात धुवायला उठल्या.

नळ येऊन दोन महिने झाल्यावर आम्ही दोघी पाण्याची वेळ नोंदवायला पिंपळओढ्याला गेलो होतो. एप्रिलचं ऊन होतं. नळापाशी बायकांची रांग होती. द्वारका सगळ्यांत पुढे उभी राहून नंबर लावत होती. तिला आता कृत्रिम पाय मिळाला होता, साडीखाली कळत नव्हता. कुणी मध्ये घुसलं की ती हंडा बाजूला सारायची. बाईंनी पिशवीतून आपली रिकामी बाटली काढली आणि तिच्याजवळ गेल्या.

द्वारकानं त्यांना पाहिलं. बाटलीकडे पाहिलं.

"रांगेत या," म्हणाली.

बाई मागे गेल्या. त्यांच्यापुढे अकरा जणी होत्या. मी सावलीला उभी राहून घड्याळ बघत वेळा लिहीत होते. पुढची बाई हंडा पुढे सरकवायची, मग बाई एक पाऊल पुढे यायच्या. त्यांचा नंबर आला तेव्हा द्वारकानं तोटी सोडली. बाटली भरली. बाई तिथेच उभ्या राहून अर्धी बाटली प्यायल्या, मग त्यांनी पदरानं तोंड पुसलं, आणि मागच्या बाईला जागा करून दिली. हडपसरची बस लगेच मिळाली.